तिसरा पूल

२ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं. दादाला हरवायचं. घरात नाही, एकट्यात नाही. क्लबात, भरल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. आणि एक्केचाळीस वर्षं जे वाक्य त्याच्या घशात अडकलंय, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. लिहून ठेवतेय, म्हणजे सकाळी उठून मला पाघळता येणार नाही.

टेबलावर चिमुकली सैन्यं मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्या आमच्या युद्धखेळ क्लबाला यंदा पंचवीस वर्षं झाली, म्हणून पुस्तिका काढली. आज वाटली. पान तीनवर दादाचा फोटो, खाली 'दादाची खेळी'. म्हणजे तीन पुलांच्या लढाईत हरलेला सेनापती कसा जिंकला असता, हा त्याचा शाळेतला निबंध, जसाच्या तसा. टाळ्या झाल्या. दादा उठून म्हणाला, "एका दुपारी बसल्या बसल्या सुचलं होतं."

बसल्या बसल्या! कोण बसलं होतं रे? मी बसले होते. जमिनीवर, मांडी घालून, तुझ्याच जुन्या शर्टांची बटणं मांडून.

मीही टाळ्या वाजवल्या. याचाच जास्त राग येतोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं शांत झालं नाही, तेव्हा सगळं एकदा नीट मांडूनच ठेवते.

बाबा बुकबाइंडर. घराच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत पुस्तकं सुटी होऊन यायची आणि शिवून जायची. एका वाचनालयाकडून लष्करी इतिहासाचे जाडजूड खंड यायचे. शिवेपर्यंत त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे पडलेले असत. वाचायचा पहिला मान दादाचा. तो वाचून झालेला फर्मा माझ्याकडे सरकवायचा, पण शेवटचे दोन मांडीखाली दाबून बसायचा, मुद्दाम. संध्याकाळी बाबा पुस्तक शिवून टाकायचे. माझ्या वाट्याला लढाई सुरू व्हायची, संपायची कधीच नाही.

मग मी ती संपवायची. बटणं म्हणजे पायदळ, दोऱ्याची रिळं म्हणजे तोफा, कापडाची चिंधी म्हणजे नदी. दादाला इतिहास पाठ झाला, मला लढायला आलं.

तीन पुलांच्या लढाईतही तेच. थोडं सैन्य असलेला सेनापती तिन्ही पूल अडवून बसला, एवढंच मला मिळालेल्या पानांत होतं. (तो हरला, हे दादाने नंतर दात काढत सांगितलं.) मी तीन दिवस बटणं हलवली. म्हटलं, तिन्ही अडवायचेच कशाला? दोन घट्ट धरायचे. डावीकडचा तिसरा उघडा टाकायचा. शत्रूला वाटू दे, आयतं सापडलं. त्याचं निम्मं सैन्य अलीकडे आलं की झाडीत लपवलेलं घोडदळ सोडायचं आणि पुलाचं तोंड बंद करायचं. मी तेरा वर्षांची होते, दादा सोळाचा. मी त्याला दाखवलं, कारण दाखवायला दुसरं होतं कोण?

त्याने निबंध लिहिला. पहिलं बक्षीस. शाळेच्या अंकात छापून आला. बाबांनी त्या अंकाला चामडी बांधणी केली, आयुष्यात स्वतःसाठी बांधलेलं त्यांचं ते एकमेव पुस्तक. मी म्हटलं, "बाबा, ते मी..." तर दादा म्हणाला, "घरातलंच आहे ना गं!" बाबा हसले. विषय संपला.

पुढे तो इतिहासाचा मास्तर झाला आणि मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागले. क्लबातलं बोटाएवढं सैन्य सगळं माझ्या हातचं, कवळीच्याच मसाल्यातून ओतलेलं, एकेकाच्या मिशा रंगवलेल्या. लोक म्हणतात, ताईंचा हात म्हणजे काय! हात. डोकं दादाचं, हात ताईंचा.

९ फेब्रुवारी, रविवार

आव्हान दिलं. क्लबात चहा चालू होता, तिथेच.

म्हटलं, "दादा, तीन पुलांचा डाव मांडू. तू थोड्या सैन्याची बाजू घे, तुझी ती खेळी खेळून दाखव. मी मोठी फौज घेते. मी जिंकले तर ती खेळी कुणाची होती ते सगळ्यांसमोर सांगायचं."

दादाने मान जरा जास्तच वळवून माझ्याकडे पाहिलं. "आणि मी जिंकलो तर?"

"तर मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही."

"तू? आणि तोंड उघडणार नाहीस?" म्हणाला, आणि सगळे हसले. मग म्हणाला, "ठीक आहे. सोळा मार्च. पण मन लावून खेळायचं. उगाच भाऊ म्हणून मऊ पडायचं नाही."

मऊ! बघच तू.

वहिनी त्याच्या डाव्या हाताला बसली होती. हल्ली ती कायम तिथेच असते, पहारेकऱ्यासारखी. तिचा चेहरा उतरला. उतरू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडून लॅबमध्ये दादाची कवळी परत आली. तक्रार: डाव्या बाजूला अन्न अडकून राहतं, गालात साठतं. ती कवळी मी केलीय, या दोन हातांनी! साच्यावर बसवून बघितली, पुन्हा पुन्हा बघितली. केसाची फट नाही. डॉक्टरही फोनवर म्हणाले, "बसते तर उत्तम. पण डाव्या गालात अख्खा घास तसाच असतो हो. त्यांना पत्ताच नसतो."

पत्ता नसतो कसला? नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःला धड चावायला नको आणि नावं माझ्या कामाला. आव्हान दिल्याचा सूड घेतोय, दुसरं काय. कवळीला नुसतं पॉलिश मारलं आणि तशीच परत पाठवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

शत्रूचा अभ्यास. पंचांकडून गेल्या सहा डावांच्या नोंदी मागून घेतल्या. (पंच म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. फासे, चालीचं अंतर मोजायची टेप आणि नियमांचं पुस्तक त्यांच्या ताब्यात.) आधी देईनात. "ताई, कशाला पाहिजेत?" म्हणून आढेवेढे घेतले. मी सोडते होय!

आणि घबाड सापडलं. सहाच्या सहा डाव दादा जिंकलाय, पण एकाही डावात त्याने आपली डावी फळी हलवलेली नाही. एकदाही नाही! उजवीकडे नुसता सपाटा, डावीकडे सैन्य मांडून ठेवलंय तसंच. पूर्वी असा खेळायचा नाही. माजलाय. डावी बाजू कुणी घेणारच नाही, हे गृहीतच धरलंय त्याने.

आणि गंमत म्हणजे खरंच कुणी घेत नाही. सहाही जण त्याच्या उजवीकडेच जाऊन डोकं आपटून आलेत. भित्रे लेकाचे. इतकी उघडी बाजू माझ्यासारख्या कवळीवालीला दिसते, तुम्हाला दिसत नाही?

तिसरा पूल त्याच्या डावीकडेच येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या टेबलावर मी डबीतली बटणं मांडली होती, म्हणून ह्यांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागलं. म्हणाले, "अगं, सख्खा भाऊ आहे तो. शत्रू नव्हे."

मी म्हटलं, "शत्रूने माझं काही नेलेलं नाही. भावाने नेलंय."

"एक्केचाळीस वर्षं झाली."

"मग? शिळं झालं की चोरीचं आपलं होतं का?"

हात धुताना हे म्हणाले, "त्याने नोकरी मुदतीआधी का सोडली गं? स्कूटरही विकली म्हणे."

सोडली, कारण पुस्तक लिहायचंय, आणि चालणं तब्येतीला चांगलं असतं. असं तोच सांगत फिरतोय. आता त्या पुस्तकातही माझी खेळी येणार असेल. ह्यांना नाही कळायचं. ह्यांना सख्खा भाऊच नाही.

१ मार्च, शनिवार

वहिनीचा फोन. "वन्सं, एकदा येऊन जा ना. तुमच्याशी बोलायचंय, हे घरात नसताना."

तहाची बोलणी! इतक्या लवकर! नवऱ्याची अब्रू वाचवायला बायको पुढे झालेली. मी म्हटलं, "वहिनी, जे काय बोलायचं ते सोळा तारखेनंतर."

"नंतर उपयोग नाही हो त्याचा."

"मग राहू दे."

मीच फोन ठेवला. जराशी वाईट वागले बहुतेक. पण आज नरमले तर सगळं मुसळ केरात.

९ मार्च, रविवार

आज तर हद्द झाली. रंग आणायला गेले होते. समोरून दादा आला, एकटा. मी भिंतीच्या कडेला उभी राहिले, म्हटलं, बघू पहिला बोलतो का. तो माझ्या अंगाला घासून गेला. हातभर अंतर नव्हतं. माझ्या पिशवीला त्याची डावी बाही लागली, तरी वळून बघितलं नाही! पुढे जाऊन दुकानाच्या उघड्या दाराला धडकला, तेव्हा बरं वाटलं.

ओळख दाखवत नाहीस? नको दाखवूस. पुढच्या रविवारी दाखवशील.

१५ मार्च, शनिवार

घोडदळाची शेवटची चार पथकं रंगवून झाली. मोठ्या फौजेला लाल डगले, दादाच्या सैन्याला करडे. करड्यांवर मेहनत कमी घेतली. तेवढा हक्क आहे मला.

भीती फक्त एका गोष्टीची. सापळा माझाच आहे, त्यामुळे तो कसा मिटतो ते मला ठाऊक आहे. निम्मं सैन्य पुलावर असताना त्याने घोडदळ सोडलं तर माझं काही खरं नाही. पण तो डावीकडे वेळेवर बघणार नाही. सहा डावांत बघितलेलं नाही. यावर सगळं लावलंय.

१६ मार्च, रविवार

जिंकले.

ओळ लिहून मघापासून बसलेय. पुढचंही लिहिते.

क्लबात चाळीसेक माणसं होती. आठ बाय पाचचं टेबल, हिरवं कापड, मधून निळी नदी, तीन पूल. मी पोहोचले तर वहिनी आपली दादाच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसलेली. मी नियमाचं पुस्तक उघडलं. कलम सहा: खेळाडूच्या शेजारी कुणी बसायचं नाही. मला खात्री होती की ती हळूच काहीतरी सुचवत असते.

पंच म्हणाले, "ताई, बसू द्या हो वहिनींना. काय बिघडतंय?"

"नियम तुमचाच आहे."

दादा म्हणाला, "बरोबर आहे तिचं. जा गं, तिकडे मागे जाऊन बस." वहिनी उठली. जाताना माझ्याकडे असं बघून गेली की मला वाटलं, आता रडते की काय. मी नजर टेबलावर ठेवली.

पहिल्या तीन फेऱ्या दादा काय खेळला! उजवीकडच्या पुलावर माझी दोन पथकं बुडवली, मधला पूल तोफांनी झोडपून काढला. फासे त्याला वश. मास्तरकी होतीच गळ्यात, एकेका चालीवर लोकांना समजावत होता, लोक हसत होते. चौथ्या फेरीत मी तिसऱ्या पुलावर पहिलं पथक घातलं. त्याने फासे उचलले आणि उजवीकडेच चाल केली.

पाचवी फेरी, तीन पथकं. सहावी, सहा. निम्मं सैन्य बरोब्बर पुलावर. आत्ता. आत्ता सोडायला हवं त्याने घोडदळ. मी असते तर सोडलं असतं. तेरा वर्षांची असतानाही सोडलं असतं. पंचांना खोकल्याची उबळ आली. दादा म्हणाला, "पाणी प्या, पोस्टमास्तर," आणि तोफ डागली. उजवीकडे.

आठव्या फेरीला माझी बारा पथकं त्याच्या पिछाडीला उभी होती. झाडीतलं त्याचं घोडदळ जागच्या जागी कापलं मी. एकेक काढून टेबलाच्या कडेला ठेवलं. हॉलमध्ये कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, माझ्या खेळाने थक्क झालेत.

पंच म्हणाले, "डाव संपला. ताई जिंकल्या."

दादा हसला. "संपला कसा? दोन्ही पूल माझ्याकडे आहेत. तिसऱ्या पुलावर तर अजून कुणी आलेलंच नाही."

मी म्हटलं, "दादा, नाटकं पुरे."

"कसलं नाटक? दाखव ना, कुठे आहे तुझं सैन्य?"

त्याच्या कोपराजवळ होतं. डाव्या कोपरापासून वीतभर. माझे लाल डगले, मी मिशा रंगवलेले. तो थेट त्या टेबलाकडे बघत होता आणि त्याला दिसत नव्हते.

मागून वहिनी आली. तिने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा डावीकडे वळवला, जेवढा वळतो तेवढा. मग दादाने बघितलं. पूल बघितला, बारा पथकं बघितली, कडेला मांडून ठेवलेलं आपलं घोडदळ बघितलं. एकेकावरून नजर गेली त्याची. मोजत होता.

"अरे," म्हणाला. "छान खेळलीस गं."

आणि मग मला सगळं एकदम दिसलं. गालातला घास. दुकानाचं दार. ते सहा डाव, ज्यात कुणी त्याच्या डावीकडे जात नव्हतं. भित्रे नव्हते ते. ठाऊक होतं सगळ्यांना. त्याला जिंकू देत होते. चाळीस माणसांत एकटी मीच होते जिने आंधळ्याच्या ताटातून घास उचलला, आणि पहारेकरी आधी नियम दाखवून उठवला.

दादाने खुर्ची मागे सरकवली. टेबलाला धरून उभा राहिला. "ठरलं ते ठरलं," म्हणाला. "ऐका मंडळी. तो निबंध..."

"गप्प बस," मी म्हटलं.

"अगं, बोलू दे की. तू जिंकलीस."

"गप्प बस म्हणते ना! मी जिंकलेले नाही. हा डाव धरायचा नाही. पंच, खोडा तो."

एक्केचाळीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते ओठांवर आलं होतं त्याच्या. मीच परत ढकललं. कुणी मला विचारलंच तर सांगते, दया-बिया अजिबात नाही. राग आला. इतका राग मला निबंधाच्या वेळीही आला नव्हता. लढाई जिंकले मी आणि हॉल सगळा त्याच्या बाजूने. चोरी त्याने केली आणि चोरासारखी बाहेर पडले मी.

१७ मार्च, सोमवार

लॅबला गेले नाही. वहिनीकडे गेले. दादा झोपला होता. तिने चहा केला आणि माझ्यासमोर बसली.

गेल्या ऑगस्टमध्ये मेंदूत बारीकशी गुठळी झाली. हात, पाय, बोलणं, सगळं वाचलं. डोळे शाबूत आहेत, पण डावीकडचं जग त्याला कळत नाही. ताटातली डावी बाजू तशीच राहते. दाढी अर्धी होते. मान वळवली तर दिसतं, पण वळवायची हे लक्षात राहत नाही.

"मला का सांगितलं नाहीत?"

"फोन केला होता की," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"त्याआधी? ऑगस्टपासून?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, क्लबात सगळे मला जिंकू देतात, मला काय कळत नाही? तिला कळलं तर तीही देईल. तेवढी एकच उरलीय जिला माझी कीव येत नाही."

मी चहा प्यायले. कीव येत नाही, हे खरंच होतं. आजही येत नाहीये. दुसरंच काहीतरी येतंय, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

कवळी मात्र मागून घेतली. डाव्या बाजूचा कडेचा उंचवटा थोडा कमी करून बघते. घास अडकला तर निदान जिभेला तरी लागेल.

२२ मार्च, शनिवार

आज दादाच्या घरी डाव मांडला. सकाळचे दहा, भरपूर उजेड. ह्यांनी सैन्याचे डबे वाहून आणले आणि वहिनीबरोबर स्वयंपाकघरात बसले.

मी टेबल फिरवलं. दादाला पार डाव्या कोपऱ्यात बसवलं, म्हणजे अख्खं मैदान त्याच्या उजवीकडे येतं. तरी भरवसा नको, म्हणून लॅबमधली लाल मेणाची पट्टी आणली होती, दातांच्या साच्याला वापरतो ती. ती टेबलाच्या डाव्या कडेला लांबच्या लांब चिकटवली. म्हटलं, "प्रत्येक चालीआधी लाल दिसेपर्यंत मान वळवायची. दिसलं की मला सांगायचं. नाही सांगितलंस तर फासे देणार नाही."

"मास्तर मी आहे का तू?"

"लाल?"

"दिसलं, बाई."

फासे हातात घोळवत तो म्हणाला, "ते परवाचं वाक्य अर्धवट राहिलं. आत्ता बोलून टाकतो. तुझी वहिनी ऐकेल, तुझे हे ऐकतील..."

"जिंकल्यावर," मी म्हटलं. "आणि इथे नाही. क्लबात."

"आणि नाही जिंकलीस तर?"

"फासे टाक."

मी जीव ओतून खेळले. एक इंचही सोडला नाही, टेप दोनदा लावून बघितली. पाचव्या फेरीत तिसऱ्या पुलावर उतरले. "लाल?" म्हटलं. त्याने मान वळवली, सावकाश, पट्टीपर्यंत. मग पुलाकडे बघितलं. आणि हसला. सोळा वर्षांचा असताना शेवटचे फर्मे मांडीखाली दाबून हसायचा ना, अगदी तस्साच. झाडीतून घोडदळ काढलं आणि पुलाचं तोंड बंद केलं. माझं निम्मं सैन्य अलीकडे, निम्मं पलीकडे. माझाच सापळा, माझ्याच गळ्यात.

सातव्या फेरीत संपले मी. दादाने टेबलावर थाप मारली, अशी की चार लाल डगलेवाले आडवे पडले. स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडला, "हरवली! मन लावून खेळत होती आणि हरवली!" वहिनी दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडावर धरला होता तिने, हसत होती का रडत होती, मला नीट कळलं नाही.

"अजून शिकायचंय तुला," दादा मला म्हणाला. मला! माझ्याच खेळीने हरवून!

संतापाच्या भरात सैन्य कसंतरीच डब्यात कोंबलं. मेणाची पट्टी काढली नाही, तशीच राहू दिली. निघताना वहिनीला बजावून आले: गोळ्या वेळेवर द्यायच्या, चालायला एकट्याला सोडायचं नाही, रोज सकाळी मान वळवायचा व्यायाम करून घ्यायचा. मी दर शनिवारी येणार आहे. त्याला हरवल्याशिवाय मी त्याला काही होऊ देणार नाही.